उसनी चाल, स्वतःचे शब्द

एप्रिल उजाडला की जालना शहरात आणि जिल्ह्यातील गावोगावच्या वस्त्यांत गाण्यांचा हंगाम सुरू होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती 14 एप्रिलची. पण ती त्या एका दिवसात आटोपत नाही. आज या गावची मिरवणूक, चार दिवसांनी शेजारच्या गावात दोन गायन पार्ट्यांचा सामना, असे करीत हा हंगाम बुद्धपौर्णिमेपर्यंत लांबतो. बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडाच्या रोलिंग मिल यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या शहरात त्या दिवसांत दुसरेच एक उत्पादन कानांवर पडत असते. त्याची नोंद उद्योगांच्या यादीत नाही आणि वाङ्मयाच्या इतिहासातही फारशी नाही. लोक त्याला भीमगीत म्हणतात.

या नावामुळे एक गैरसमज होतो. ही सारी गाणी बाबासाहेबांच्या गुणगानाची असावीत, अशी ती न ऐकणाऱ्यांची समजूत असते. वस्तुतः गुणगान हा त्यांतील एक धागा झाला. मुलीला शाळेत घाला, दारू सोडा, अंगारे-धुपारे टाका, मत विकू नका, गायरानावरचा ताबा सोडू नका, सावकाराच्या वहीवर अंगठा उठवण्यापूर्वी ती वाचून घ्या, असा सगळा ऐहिक व्यवहार या गाण्यांत भरलेला आहे. ज्या श्रोत्यांसाठी ती रचली गेली त्यांच्यापैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. 2011 च्या जनगणनेतही जालना जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे 71 टक्के होते. राज्याचे प्रमाण तेव्हा 82 टक्क्यांच्या वर गेले होते. स्त्रियांची स्थिती याहून मागे. त्याआधीच्या चार-पाच दशकांत काय असेल, याची कल्पना करता येते. अशा मुलखात वर्तमानपत्राचा अग्रलेख, शासकीय पत्रक आणि पुढाऱ्याचे छापील भाषण यांचे काम गाण्याला करावे लागले.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे 15 ऑगस्ट 1922 रोजी जन्मलेला हा मनुष्य शाळेत न जाताच मुंबईस कामधंद्यासाठी गेला, अक्षरे तरुणपणी शिकला, 1943 मध्ये त्याने पहिले गाणे रचले आणि 15 मे 2004 रोजी मृत्यू येईपर्यंत तो गात राहिला. त्यांच्या गाण्यांचे संग्रह निघाले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथनही प्रसिद्ध झाले. परंतु त्यांची खरी आवृत्ती निघत असे ती गावच्या चावडीपुढे, कंदिलाच्या किंवा भाड्याच्या दिव्याच्या उजेडात. त्यांच्या एका सर्वतोमुखी गाण्यात देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन या संपत्तीत आमचा हिस्सा कोठे आहे, असा रोखठोक प्रश्न विचारलेला आहे. राष्ट्रीय उत्पन्न वाढले म्हणजे ते वाटले गेले असे होत नाही, ही गोष्ट महाविद्यालयातील विद्यार्थ्याला समजावून देण्यास अध्यापकाला दोन तासिका लागतात. ज्यांना 'राष्ट्रीय उत्पन्न' हा शब्द ठाऊक नाही, त्यांना तीच गोष्ट त्या गाण्यातून कळत आली आहे.

वामनदादांच्या आधी जलसा होता. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलून त्यात ब्राह्मणी कर्मकांडावरील टीका भरली. पुढे 1930 च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. (आडनाव एक, जिल्हाही एक, त्यामुळे या दोन कर्डकांची गल्लत नेहमी होते.) तमाशातील गौळण गेली, शृंगारिक लावणी गेली, ढोलकी, तुणतुणे, सवालजवाब आणि विनोदी बतावणी मात्र राहिली. सभेला पोलीस आले तर वक्त्याला गप्प बसवता येई. बतावणीतल्या सोंगाड्याला गप्प बसवणे अवघड जात असे. लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी कामगारवस्तीत जे केले तेही याच घडणीचे. जुने रूप, नवा आशय आणि भांडवल जवळजवळ शून्य, अशी ही रीत आहे.

भांडवलाचा हा मुद्दा किरकोळ नाही. भीमगीतांवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की त्यांच्या चाली उसन्या असतात. कधी लोकगीताची चाल, कधी कव्वालीची, कधी गाजलेल्या चित्रपटगीताची. रसिक म्हणवणारे लोक यावर नाक मुरडतात. पण गाणे तयार करण्याच्या खर्चाचा विचार केला तर या उसनवारीचे शहाणपण कळते. नव्या चालीसाठी संगीतकार लागतो, वादकांचा सराव लागतो आणि श्रोत्यांच्या ओठांवर ती बसण्यास काळ लागतो. ओळखीची चाल घेतली की हे तिन्ही खर्च वाचतात. सारा प्रयत्न शब्दांवर केंद्रित करता येतो आणि दुसऱ्याच ध्रुपदाला श्रोता साथ देऊ लागतो. मजुरी करून उरलेल्या रात्री गाणे रचणाऱ्या कवीला याहून काटकसरीचा मार्ग कोणता होता?

हाच मार्ग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जमेका नावाच्या वेस्ट इंडीजमधील बेटावर, अगदी अशाच कारणाने शोधला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी परिचित नाही. क्रिकेटमुळे आपल्याला किंग्स्टनचे मैदान ठाऊक असते. त्या मैदानाबाहेरच्या गल्ल्या ठाऊक नसतात. तेथे 1960 नंतरच्या दशकात रेगे संगीत वाढले. तबकडीच्या एका बाजूस गाणे ध्वनिमुद्रित करायचे आणि दुसऱ्या बाजूसाठी नवे गाणे बसवण्याचा खर्च टाळून पहिल्याच गाण्यातील गायकाचा आवाज काढून टाकायचा, असा प्रघात पडला. उरलेल्या ढोलाच्या आणि खर्जाच्या तारेच्या नादावर ध्वनिमुद्रण करणारे कारागीर नाना प्रयोग करू लागले. त्या मागच्या बाजूला 'डब' असे नाव मिळाले. किंग टबी हा त्या कारागिरांतला अग्रणी. विजेची उपकरणे दुरुस्त करणे हा त्याचा मूळ धंदा. रस्त्यात भाड्याचे मोठाले कर्णे लावून या तबकड्या वाजवल्या जात आणि त्या मोकळ्या नादावर कोणी तरुण बोलू लागे. त्या बोलण्याची पुढे कविता झाली. 'डब काव्य' हे नाव रूढ केले ओकू ओनुओरा या कवीने. दरोड्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असताना तो लिहू लागला, तेथेच वाद्यवृंदाच्या साथीवर त्याने कविता म्हटल्या आणि 1977 मध्ये तो सुटला. उसना नाद, स्वतःचे शब्द. कारण तेच, काटकसर.

याच वळणाचा दुसरा कवी लिंटन क्वेसी जॉन्सन. 1952 मध्ये जमेकात जन्मलेला हा मुलगा 1963 मध्ये लंडनला आला, तेथे समाजशास्त्र शिकला आणि पोलिसांच्या छळाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ब्रिटनमधील ब्लॅक पँथर चळवळीत तरुणपणीच दाखल झाला. आपल्याकडे 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या त्याच पँथरवरून. एकाच नावाच्या दोन संघटना दोन दूरच्या शहरांत असताना दोहोंकडच्या तरुणांना कवितेचीच गरज भासली, हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठवाड्यातील तरुणांचे लक्ष वेधले होते आणि 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक तेव्हाच्या औरंगाबादहूनच निघत होते. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी.

जॉन्सनने शाळेतल्या शुद्ध इंग्रजीऐवजी बेटावरची बोली वापरली आणि तिला साजेसे वेगळे शब्दलेखनही केले. त्याच्याआधी लुईस बेनेट या कवयित्रीने ती वाट पाडली होती व त्यासाठी पुष्कळ हेटाळणी सोसली होती. आपल्या शाळांतील भाषेच्या शिक्षकांनी या प्रकरणाकडे जरा लक्ष द्यावे. भोकरदनचा किंवा मंठ्याचा मुलगा घरची मराठी बोलला की त्याचे गुण कापले जातात. तीच भाषा गाण्यात आली की हजार माणसे टाळी देतात.

छापील दलित कवितेचे कौतुक पुढे योग्य प्रकारे झाले. 1972 च्या 'गोलपिठा'ने नामदेव ढसाळ यांना मराठी काव्यात जे स्थान मिळवून दिले ते कोणी नाकारीत नाही. भाषांतरे झाली, अभ्यासक्रमांत कविता आल्या, प्रबंध झाले. गायिलेल्या शब्दांच्या वाट्याला यांतले थोडेच आले. डब काव्याचीही तीच अवस्था व्हावयाची. पण तेथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. मुटाबारुका या कवीने 1983 मध्ये निरनिराळ्या डब कवींच्या रचना एकत्र करून एक संकलित ध्वनिमुद्रिका तयार केली आणि अमेरिकेतील हार्टबीट कंपनीने ती प्रसिद्ध केली. शब्दाच्या नादाला सामर्थ्य असते, अशा अर्थाचे तिचे नाव आहे. 1986 मध्ये कॅरिबियन कवयित्रींच्याच रचनांची दुसरी संकलित ध्वनिमुद्रिका निघाली. या दोन तबकड्या काही लाखांनी खपण्याजोग्या नव्हत्या. त्यांचे मोल निराळे आहे. कोणता आवाज कोणाचा, कोणते शब्द कोणाचे, हे त्यांच्या वेष्टनावर छापले गेले. पुढे अभ्यासकाला, ग्रंथालयाला आणि न्यायालयालाही दाखवता येईल असा दस्तऐवज तयार झाला. गल्लीतले गाणे गल्लीत विरून जाण्यापूर्वी त्याला नाव-गाव मिळाले.

भीमगीतांच्या वाट्याला असे संकलन आले नाही; कॅसेट मात्र आली. 1980 च्या आसपास आपल्याकडे टेपरेकॉर्डर आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून आणि पुढे देशी कारखान्यांतून घरोघर पोहोचला. तोवर ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर एका मोठ्या कंपनीचे जवळजवळ एकाधिकारासारखे वर्चस्व होते. तबकडीचा साचा बनवणे महाग, म्हणून जे हमखास खपेल तेच छापले जाई. कॅसेटने हे गणित उलटे केले. लहान स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रण, हजार-पाचशे प्रतींवर भागणारा खर्च आणि विक्रीला बसस्थानकाबाहेरची टपरी. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर ही नावे अशी खेड्यापाड्यांत गेली. प्रतींच्या प्रती निघाल्या. दोन डेक समोरासमोर ठेवून कॅसेटवरून कॅसेट भरून देणारी दुकाने तालुक्याच्या गावी उघडली. यात चोरी होती हे खरे; पण वितरणव्यवस्थेचा एक पैसाही खर्च न करता गाणे घनसावंगीच्या पुढच्या तांड्यापर्यंत जात होते, हेही खरे.

काळही तसाच होता. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. 1979 च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेला लाँग मार्च बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीपाशी अडवला गेला. तेथून जालना फार दूर नाही. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लोटली. या सोळा वर्षांत शेकडो सभा झाल्या आणि सभेआधी गाणे झाले नाही अशी सभा क्वचितच झाली असेल. वर्तमानपत्रांच्या फाइलींत त्या काळातील भाषणे सापडतात, ठराव सापडतात, मृतांचे आकडे सापडतात. गाणी सापडत नाहीत. ती ज्यांनी रचली ते लोक आज वृद्ध आहेत किंवा हयात नाहीत.

गाणाऱ्यांनी किंमत कशी मोजली याची दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखी आहेत. जमेकातील मायकेल स्मिथ हा डब कवींतला बहुधा सर्वांत तेजस्वी. 17 ऑगस्ट 1983 रोजी, वयाची तिशीही गाठली नसताना, सत्तारूढ पक्षाच्या सभेत प्रश्न विचारल्यानंतर किंग्स्टनजवळ दगडांनी ठेचून त्याला मारण्यात आले. मुंबईत 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. ते पाहून आलेल्या विलास घोगरे या शाहिराने चार दिवसांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या माहितीपटात झोपडपट्टीवासीयांचे गाणे गाणारा तो हाच. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे खपून 2011 मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. त्या चित्रपटामुळे घोगऱ्यांचा आवाज राहिला. एका चित्रपटकाराची चिकाटी नसती तर तोही राहिला नसता.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळणे भाग आहे. या गाण्यांची मालकी कोणाची? ज्या कवीला छापखाना परवडत नव्हता आणि वकील तर मुळीच परवडत नव्हता, त्याने आपल्या शब्दांवर हक्क सांगण्याची एक जुनी मराठी रीत जतन केली. शेवटच्या कडव्यात आपले नाव गोवायचे. ज्ञानदेव-तुकारामांच्या अभंगांपासून शाहिरांच्या पोवाड्यांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा वामनदादांच्या असंख्य गाण्यांत आहे. गाणे तोंडोतोंडी कोठेही गेले तरी कर्ता त्याच्याबरोबर जाई. गाणाऱ्याने शेवटचे कडवे गाळले तर श्रोतेच ओरडत. कागद नसलेल्या समाजाचे ते नोंदणी कार्यालय होते म्हणा ना!

हे कार्यालय गेल्या काही वर्षांत बंद पडत आले आहे. मिरवणुकीतल्या डीजेवर जे वाजते त्यात मूळ गाण्याचे ध्रुपद असते, फार तर पहिले कडवे असते. मग ठेका, पुन्हा ध्रुपद, मग दुसऱ्या गाण्याला जोड. भ्रमणध्वनीवर फिरणारे तुकडे तर अर्ध्या मिनिटाचे. शेवटच्या कडव्यापर्यंत कोणीच पोहोचत नाही आणि नाव शेवटच्या कडव्यात! अशा रीतीने अक्षरशः हजारो गाणी आपल्या कर्त्यांपासून तुटत आहेत. डीजेवर टीका करणाऱ्यांचा सूर बहुधा गोंगाटाबद्दल, हृदयविकाराच्या रुग्णांबद्दल असतो. तो रास्तच आहे. पण या आवाजाची दुसरी हानी कमी लोक पाहतात. डब काव्यातही खर्ज दणदणीत असतो, छातीत घुमतो. तथापि तेथे नादाला जागा सोडून शब्द ठेवलेले असतात, शब्द आला की नाद मागे सरतो. आपल्या मिरवणुकीत खर्जाने शब्द गिळला आहे. उलट छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांनी एकतारीवर गायिलेली गाणी भ्रमणध्वनीवरूनच महाराष्ट्रभर गेली आणि त्यांतला शब्द न् शब्द लोकांना पाठ झाला. तंत्रज्ञानालाच सारा दोष देणे म्हणूनच बरोबर नाही.

पैशाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. कॅसेटच्या काळात रीत अशी होती की गायकाला एकरकमी मानधन आणि कवीला जमल्यास काही, बहुधा काही नाहीच. कागद सहसा होत नसे. हा व्यवहार तोंडी झाला म्हणून कवीचे सर्वस्व गेले, असे आज त्याच्या मुलांनाही वाटते. कायदा तसे म्हणत नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीचे असावे लागते. तोंडी बोलीने शब्दांवरचा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. लेखी करार झाला असेल तेथे गोष्ट वेगळी. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा असेल. त्यातील शब्दांचा हक्क, लिहून दिलेला नसेल तर, कवीचा आणि त्याच्यामागे वारसांचा, मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही 1969 मध्ये गेले. त्यांचे साहित्य 2029 अखेरपर्यंत संरक्षित आहे. वामनदादांचे 2064 पर्यंत. 2012 च्या दुरुस्तीने तर चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातही गीतकाराचा स्वामित्वधनातील समान वाटा असा बांधून दिला की तो करारानेसुद्धा निर्मात्याला सोडून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था 1969 पासून अस्तित्वात आहे. बड्या घराण्यांच्या संपत्तीत आपला हिस्सा विचारणाऱ्या कवींच्या वारसांनी स्वतःच्या गाण्यांतला हिस्सा विचारला तर त्यात वावगे काय?

मात्र अडचण आहे आणि ती त्या उसन्या चालीत आहे. चित्रपटगीताच्या चालीवर रचलेल्या भीमगीतात शब्द कवीचे, पण चाल दुसऱ्याची. गाण्याची नवी आवृत्ती काढण्याची जी परवानगी कायदा ठराविक वर्षांनंतर स्वामित्वधन भरून देतो, तिच्यात शब्द बदलण्याची मुभा नाही. म्हणजे ज्या काटकसरीने हे गाणे जन्माला घातले तीच आज त्याच्या अधिकृत प्रकाशनाच्या आड येते. आंतरजालावर असे गाणे चढवले की यंत्रच चाल ओळखते आणि उत्पन्न चालीच्या मालकाकडे वळवते. शब्दाच्या मालकाला कोणी विचारीत नाही. जमेकाने 1993 मध्ये आधुनिक प्रताधिकार कायदा केला तोपर्यंत तेथील उसनवारी जवळजवळ बिनदिक्कत चालली आणि तिच्यावरच जगभर नावाजलेला एक संगीतप्रकार उभा राहिला. आधी सैल व्यवहार आणि मग कायदा, असा क्रम त्यांना लाभला. आपल्याकडे कायदा आधीपासून होता. तो या वस्तीपर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच.

तेव्हा करावयाच्या गोष्टींत अग्रक्रम लावणे अवश्य आहे. चालींचा गुंता सुटेपर्यंत शब्द थांबू शकत नाहीत. कॅसेटची फीत ही प्लॅस्टिकवर चिकटवलेली चुंबकीय पूड. जालन्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातील ट्रंकेत ती किती वर्षे टिकणार? त्याहून नाजूक आहेत त्या वह्या. गायन पार्ट्यांच्या बुवांकडे गाण्यांची बाडे असतात. गाणे कोणाचे, कोणत्या चालीवर, कोणत्या साली रचले, हे पुष्कळदा समासात लिहिलेले असते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात 1967 पासून आहे आणि गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते. तेथील दाखल-नोंदवहीत कादंबरी चढते, हे बाड चढत नाही. हाताने लिहिलेल्या वहीची छायाप्रत काढून ती दाखल करण्यास कोणत्या अधिकाऱ्याची हरकत असेल, हे कळत नाही.

असले काम अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना शेजारच्या बीड जिल्ह्याकडे बोट दाखवता येईल. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम हाती घेतले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. माजलगावच्या भीमनगरात 1996 मध्ये ध्वनिमुद्रण झाले. तेथील स्त्रियांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायिल्या. या संग्रहाची शिस्त अशी की ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ओवीला तर चालही परंपरेची आणि पुष्कळ शब्दही परंपरेचेच. तिथे नावे नोंदता आली, मग ज्या गाण्यांचे कर्ते ठाऊक आहेत तिथे ती का नोंदता येऊ नयेत?

विद्यापीठाचे नाव ज्या गाण्यांनी मागितले ती गाणी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असावीत, ही मागणी भावनेची वाटली तरी व्यवहाराची आहे. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालय आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी सात दिवस खेड्यात शिबिरासाठी जातातच. रस्ता झाडण्याच्या जोडीला त्यांनी गावातील बुवांकडे बसून एक वही उतरवली, गाणे संपूर्ण, शेवटच्या कडव्यासह, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित केले आणि खाली कवी, गायक, मूळ चाल, गाव, साल या पाच गोष्टी लिहिल्या, तर एका हिवाळ्यात काही शे गाणी हाती येतील. त्यांतून निवडक पंचवीस-तीस रचनांचे पहिले संकलन काढावे आणि सुरुवात लोकपरंपरेच्या चालींवरील गाण्यांपासून करावी. त्या चालींवर कोणाचा दावा नाही. वेष्टनावर कवीचे नाव गायकाच्या आधी छापावे. विक्रीचे पैसे येतील ते थोडेच असतील. ते ज्या वारसांना द्यावयाचे त्यांचे पत्ते शोधण्याचे काम मात्र आजच सुरू केले पाहिजे, कारण त्यांपैकी अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेली असतात आणि जयंतीच्या सुमारासच गावी परततात.